विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर : पाटीवरचे नाव आणि पाटीमागचे आयुष्य

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीबाहेर फडाच्या नावाची पाटी असते आणि कोणत्या तारखेचा खेळ कुठे ठरला, हे तिथेच कळते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर तालुक्यांतल्या आणि त्याही पलीकडच्या गावांच्या यात्रा कमिट्या येतात, राहुट्या फिरतात, घासाघीस करतात, विसार देतात आणि सुपारी पक्की करून परततात. चैत्र पौर्णिमा, कालाष्टमी, अक्षय्य तृतीया या तिथींना अनेक गावांच्या यात्रा एकाच वेळी येतात, म्हणून त्या दिवसांचा भाव चढा असतो. पुढचे दीड-दोन महिने आपल्या भागात कोणत्या रात्री कोणत्या गावात ढोलकी वाजणार, याचा हिशेब या राहुट्यांमध्ये मांडला जातो.

आपल्यापैकी अनेक तरुणांना या हंगामाशी काही देणेघेणे वाटत नाही. तमाशा म्हटले की आपण मान फिरवतो आणि त्याला कारणेही आहेत. पण नारायणगावला तमाशाची पंढरी हे नाव ज्यांच्या घामातून मिळाले, त्यांत एका मांग घराण्यातल्या बाईचा वाटा फार मोठा आहे. तिचे आयुष्य नीट पाहिले, तर आपण मान नेमकी कशापासून फिरवायची आणि कशाकडे वळवायची, हे जास्त स्पष्ट होते.

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ मध्ये पंढरपुरात झाला. विठ्ठलाच्या गावात जन्मली म्हणून नाव विठा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला होता. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो मोठा केला. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हे नाव तेव्हा गावोगावच्या जत्रांत माहीत होते. अशा घरातल्या मुलीला गाणे वेगळे शिकावे लागले नाही. गण, गवळण, लावणी, भेदिक हे प्रकार तिच्या कानावर लहानपणापासून पडत होते. शाळेत ती रमली नाही. लहान वयातच ती फडावर उभी राहिली आणि कुणाकडून रीतसर शिक्षण न घेता तिने पाऊल, आवाज आणि अदाकारी कमावली.

अशा घरातल्या मुलीपुढे दुसरा पर्याय कोणता होता, हा प्रश्न तिच्या गुणांचे कौतुक करताना विचारला जात नाही. ज्या जातींना गावाने वाजवणे, नाचणे आणि करमणूक करणे ही कामे नेमून दिली, त्या जातींतल्या मुलांची कला ही जन्मजात देणगी मानली जाते. त्यामागची सक्ती त्या शब्दात झाकून जाते. लहानपणापासून रोज रात्री कामाला जुंपलेल्या मुलीला दिवसा शाळेत बसवायचे तर फड बंद ठेवावा लागला असता, आणि फड बंद म्हणजे चूल बंद.

विठाबाई बारा-तेरा वर्षांच्या असताना, स्वातंत्र्याच्या सुमारास, तेव्हाच्या मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. अश्लीलता हे कारण दिले गेले. नंतर अटी घालून, संहिता तपासून घेण्याच्या बोलीवर बंदी उठली. या काळात फडावरच्या माणसांनी काय खावे, याची चर्चा फारशी झाली नाही. तमाशा सुधारायचा होता तो पाहणाऱ्यांच्या अभिरुचीसाठी. करणाऱ्यांच्या मजुरीचा, निवाऱ्याचा, मुलांच्या शाळेचा मुद्दा त्या सुधारणेच्या केंद्रस्थानी नव्हता. १९५९ मध्ये सांगत्ये ऐका हा चित्रपट आला आणि प्रचंड चालला. पांढरपेशा घरांना लावणी पडद्यावरून आणि रेडिओवरून प्रिय झाली. कनातीतली बाई मात्र त्या घरांना परकीच राहिली.

विठाबाईंनी हा सगळा बदल फडावरून पाहिला. वडिलांच्या फडातून त्या पुढे आल्या आणि पुढे स्वतःच्या नावाचा फड चालवू लागल्या. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर अशी पाटी लागली की तंबू भरायचा. या पाटीकडे थोडे थांबून पाहायला हवे. ज्या काळात जात लपवल्याशिवाय शहरात खोली भाड्याने मिळत नव्हती, त्या काळात एका बाईच्या फडावर तिची जात मोठ्या अक्षरांत लिहिलेली होती आणि लोक तिकीट काढून आत येत होते. यात स्वाभिमान होता असे म्हणता येते. पण त्याच गावात त्याच नावाच्या माणसांना पाणवठ्यावर आणि देवळात काय वागणूक मिळत होती, हेही विसरता येत नाही. तंबूच्या आत जात चालत होती, कारण तिथे ती करमणूक पुरवत होती.

फड चालवणे म्हणजे नुसते गाणे-नाचणे नव्हे. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत गावोगाव तंबू ठोकून तिकिटावर खेळ करायचे, नंतर यात्रांच्या सुपाऱ्या घ्यायच्या आणि पावसाळ्यात घरी बसायचे. या पावसाळ्याच्या चार महिन्यांत कलावंत फडमालकाकडून उचल घेतात आणि ती पुढच्या हंगामात कामाने फेडतात. मालक स्वतः ही रक्कम व्याजाने उभी करतो. एक रात्र अवकाळी पाऊस आला, गावात मयत झाली किंवा दंगा होऊन खेळ बंद पडला, तर ते नुकसान मालकाच्या डोक्यावर बसते आणि उचलीचा बोजा कलावंताच्या डोक्यावर तसाच राहतो. सुपारीच्या गावात रात्री खेळ संपतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजेऱ्या द्याव्या लागतात. मग सामान मोटारीत चढवून पुढचे गाव. शेकडो रात्री असे जगणाऱ्या बाईला आपण सम्राज्ञी म्हणतो.

विठाबाईंबद्दल एक प्रसंग सर्वांत जास्त सांगितला जातो. नऊ महिने भरलेले असताना त्या फडावर उभ्या होत्या. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला बाहेर आल्या. पोट दिसेना म्हणून प्रेक्षकांनी विचारणा केली. काय झाले ते कळल्यावर लोकांनीच खेळ थांबवायला लावला आणि त्यांना विश्रांती घ्यायला सांगितले.

हा प्रसंग भाषणांतून, दैनिकांच्या पुरवण्यांतून आणि महिला दिनाच्या कार्यक्रमांतून कलेवरच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. ती निष्ठा होतीच, तिचा अनादर करण्याचे कारण नाही. पण आपण आंबेडकरी विचारांची माणसे आहोत आणि आपण या प्रसंगाला दुसरा प्रश्न विचारला पाहिजे. नऊ महिन्यांची गरोदर बाई त्या रात्री कामावर का होती?

या प्रश्नाला आपल्या चळवळीचा स्वतःचा इतिहास आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे मंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची रजा आणि प्रसूती लाभ देणाऱ्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मालकाने व सरकारने उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये तो कायदा मुंबई इलाख्यात लागू झाला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे कायदे सुधारले. स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये देशभरासाठी प्रसूती लाभाचा कायदा झाला आणि १९७३ च्या दुरुस्तीने कसरती व तत्सम खेळ करून दाखवणाऱ्या आस्थापनांचाही त्यात समावेश झाला. कागदावर हा हक्क कनातीच्या दारापर्यंत पोचला. आत मात्र शिरला नाही. कारण तिथे नेमणूकपत्र नव्हते, हजेरीपट नव्हता, होती ती फक्त उचलीची वही. त्या रात्री प्रेक्षकांनी जी माणुसकी दाखवली ती मोठीच होती. पण हक्क प्रेक्षकांच्या दयेवर अवलंबून राहतो तेव्हा तो हक्क उरत नाही.

विठाबाईंना १९५७ मध्ये राष्ट्रपती पदक मिळाले आणि पुन्हा १९९० मध्ये. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात त्यांनी सीमेवरच्या जवानांसमोर कार्यक्रम केले. एका मांग बाईचा हा सन्मान लहान नव्हता. त्यातल्या पहिल्या पदकाचे वर्ष मात्र आपल्याला विचार करायला लावते. आदल्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली होती. विठाबाई तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. महाराष्ट्रातल्या गावागावांत महार समाज बौद्ध होत होता आणि त्याबरोबर गावकीची कामे सोडत होता. मेलेली जनावरे ओढणे, सांगावे पोचवणे, वाजवणे, नाचणे, सगळे नाकारले जात होते. एका समाजाने जातीने लादलेले काम टाकून माणूसपण मिळवले. त्याच सुमारास शेजारच्या समाजातल्या एका स्त्रीला जातीने लादलेल्या कामातल्या असामान्य कौशल्याबद्दल दिल्लीत गौरवले गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली वाट सामूहिक होती, म्हणून ती पुढच्या पिढ्यांना शिक्षणापर्यंत घेऊन गेली. दुसरा सन्मान एकटीचा होता. पदक घेऊन ती परतली ती पुन्हा त्याच फडावर, त्याच कर्जात.

इथे पठ्ठे बापूरावांची आठवण येते. जन्माने ब्राह्मण असलेला हा शाहीर आणि महार समाजातली पवळा यांचा फड एकेकाळी मुंबई गाजवत होता. महाडच्या सत्याग्रहासाठी आपल्या खेळांचे उत्पन्न देण्याची तयारी बापूरावांनी दाखवली होती आणि बाबासाहेबांनी ते घ्यायला नकार दिला. अस्पृश्य बायकांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना चळवळीत नको होता. पुढे जून १९३६ मध्ये मुंबईत देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांच्या सभेत त्यांनी हे जिणे सोडण्याचे कळकळीचे आवाहन केले. आपल्या अनेक घरांत तमाशाविषयी जे अंतर आहे, त्याचे मूळ या भूमिकेत आहे आणि ती भूमिका योग्य होती.

मात्र काळाच्या ओघात त्या भूमिकेचे आपण काय केले, हे तपासायला हवे. बाबासाहेबांनी नाकारला तो व्यवहार. ज्या स्त्रियांवर तो लादला गेला, त्यांना ते भेटले, त्यांच्याशी बोलले, त्यांना माणूस म्हणून उभे राहायला सांगितले. आपण मात्र पुष्कळदा व्यवहाराबरोबर त्या स्त्रियांनाही नाकारतो. त्या मातंग, कोल्हाटी किंवा अन्य भटक्या समाजांतल्या असल्या तर आणखीच सहज. चळवळीच्या वाट्याला आलेली प्रतिष्ठा जपताना, जे अजून त्या कामात अडकले आहेत त्यांच्याकडे खालच्या नजरेने पाहणे, ही त्याच उतरंडीची सवय आहे जिच्याविरुद्ध आपण उभे राहिलो.

दुसरे असे की बाबासाहेबांनी लोककलेचे सामर्थ्य कधी नाकारले नाही. सत्यशोधकांनी तमाशाचाच सांगाडा घेऊन त्यातला आशय बदलला होता. आंबेडकरी जलशांनी तोच मार्ग पुढे नेला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव जलसे करून वाचता न येणाऱ्या माणसांपर्यंत चळवळ नेली. गवळण गेली, तिच्या जागी प्रश्न विचारणारी पात्रे आली. अण्णा भाऊ साठे यांनी लाल बावटा कलापथकातून तमाशाच्या वगाला लोकनाट्याचे रूप दिले आणि कामगाराला त्याचा नायक केले. वामनदादा कर्डक यांनी आयुष्यभर गावे पायाखाली घातली. ढोलकी तीच होती, हलगी तीच होती. फरक होता तो कोण कुणासाठी आणि कोणत्या अटीवर वाजवतो, याचा.

विठाबाईंना ही दुसरी वाट मिळाली नाही. फड नावाजलेला होता, पण पैसा टिकला नाही. पदके आली तरी आर्थिक ओढाताण संपली नाही. उतारवयात आजारपण आले, तेव्हा रुग्णालयाचे बिल भरायला देणगीदारांची मदत घ्यावी लागली. १५ जानेवारी २००२ रोजी वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २००६ पासून महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातल्या ज्येष्ठ कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. कांताबाई सातारकर, वसंत अवसरीकर यांच्यासारख्या कलावंतांना आणि विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनाही तो मिळाला. पुरस्काराला नाव जिचे, तिला शेवटच्या आजारात लोकांपुढे हात पसरावा लागला होता, ही गोष्ट पुरस्काराच्या बातम्यांत सहसा येत नाही.

आपल्या तालुक्यातच याच्या विरुद्ध टोकाचा दाखला कातळात कोरलेला आहे. जुन्नरभोवतीच्या बौद्ध लेण्यांतले शिलालेख वाचा. तिथे राजांपेक्षा साध्या माणसांची दाने जास्त आहेत. बांबूकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींचा उल्लेख त्या लेखांत आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यातल्या कारागिरांची संघटना इतकी पक्की होती की लोक तिच्याकडे कायमची ठेव ठेवत आणि तिच्या उत्पन्नावर भिक्खू संघाचा खर्च चाले. आज त्याच खोऱ्यात, लेण्याद्रीपासून थोड्याच अंतरावर, राहुट्यांतल्या कलावंताकडे स्वतःच्या म्हातारपणासाठी ठेव नाही, आहे ती उचल. कोरोनाच्या काळात २०२० आणि २०२१ चे हंगाम लागोपाठ बुडाले, तेव्हा हे सगळ्यांनी पाहिले. यात्रा रद्द झाल्या, सुपाऱ्या गेल्या आणि पदके-पुरस्कारांच्या या क्षेत्रात दोन महिन्यांचा किराणा भरेल इतकीही सुरक्षितता नव्हती, हे उघडे पडले.

म्हणून येत्या हंगामाकडे आपण वेगळ्या नजरेने पाहावे, असे सुचवावेसे वाटते. यात्रांचा हा हंगाम आणि १४ एप्रिलची जयंती पुष्कळदा एकमेकांना लागून येतात, वैशाखात बुद्ध पौर्णिमा येते. जयंती कमिट्यांचा मोठा खर्च डीजेवर आणि लाइटवर होतो. त्यातला निम्मा खर्च जलसा, शाहिरी आणि भीमगीतांच्या जिवंत कार्यक्रमांकडे वळवला, तर आपल्याच भागातल्या ढोलकीवाल्यांना, हलगीवाल्यांना, गायक-गायिकांना यात्रेबाहेरचे आणि मानाचे काम मिळेल. गावकीची सक्ती म्हणून वाजवणे आपण सोडले, ते बरोबरच केले. ठरलेले मानधन, लेखी करार आणि सन्मान देऊन एखाद्या कलावंताला बोलावणे ही वेगळी गोष्ट आहे. कलावंत मातंग असो वा कोल्हाटी, त्याला आपल्या मंचावर पाहुण्यासारखे बसवणे, हे जातीअंताचे छोटे पण रोजचे काम आहे.

दुसरे काम कागदाचे आहे. वृद्ध कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे, पण अर्ज, दाखले आणि पुरावे यांच्या जंजाळात फडावरची माणसे मागे पडतात. ज्यांचे आयुष्य मोटारीत आणि तंबूत गेले, त्यांच्याकडे वास्तव्याचा पुरावा कुठून येणार? आपल्यातले शिकलेले तरुण पाडव्याच्या आधी दोन दिवस राहुट्यांवर बसले, तर आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, मुलांची शाळा-वसतिगृहाची सोय, कामगार नोंदणी अशी कितीतरी कामे मार्गी लागतील. फडाबरोबर फिरणाऱ्या मुलींचे शिक्षण हा यातला सर्वांत निकडीचा प्रश्न आहे. त्या मुलींनी पुढे ढोलकीच्या तालावर गावे की दवाखान्यात नर्स व्हावे, हे त्यांनी ठरवावे. ठरवता येईल इतके शिक्षण त्यांच्या हातात असले पाहिजे.

तमाशात सगळे चांगले आहे, असा या लिहिण्याचा अर्थ नाही. यात्रेत दारू पिऊन येणारा जमाव, बाईकडे पाहण्याची नजर, पैसे फेकण्याची पद्धत यांत आजही फारसा बदल नाही. बाबासाहेबांचा आक्षेप तिथे जसाच्या तसा लागू पडतो. पण तो आक्षेप मांडायचा तर फडावरच्या बाईच्या बाजूला उभे राहून मांडावा लागेल. दुरून नाक मुरडल्याने तिची उचल फिटत नाही आणि तिच्या मुलीची शाळाही सुरू होत नाही.

विठाबाईंच्या आयुष्याची गोष्ट आपण शाळा-कॉलेजातल्या मुलांना सांगावी, पण दगडाने नाळ तोडण्याच्या प्रसंगावर टाळ्या घेऊन थांबू नये. ती रजा तिला का मिळाली नाही, दोन राष्ट्रपती पदके असलेल्या बाईकडे औषधाला पैसे का नव्हते आणि तिच्या पाटीवरची जात तंबूबाहेर तिच्या कामी का आली नाही, हे प्रश्न त्या गोष्टीबरोबर जायला हवेत. यंदा राहुट्या लागतील तेव्हा पाट्यांवरची नावे वाचा, तारखा विचारा आणि जमले तर एखाद्या कलावंताला विचारा की पावसाळ्यात घर कसे चालते. आपल्या कामाची यादी त्या उत्तरातून तयार होईल.